छोटं इंजिन सांध्यावरच का अडतं?

सकाळपासून मॉडेल रेल्वेचे रूळ पुसतोय. एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराची. चार चाकांचं शंटिंगचं इंजिन सांध्यावर (रूळ दुभागतात तिथे) आलं की ठप्प; बोटाने ढकललं की चालू. मोठं मात्र ऐटीत जातं. बायको म्हणते, ‘अगदी तुझ्यासारखं आहे.’

> सांध्याचा मधला तुकडा प्लास्टिकचा असेल, तिथे रुळातून चाकांना वीज मिळत नाही. छोट्याची चाकं जवळजवळ, त्यामुळे सगळीच उपाशी.

> आधी चाकं पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी. सँडपेपर अजिबात नको, ओरखड्यांत मळ साचतो. (केलाय हा उद्योग.)

काडी काळीकुट्ट! आता वेगात निसटतं, हळू नेलं की अडतं. तुकडा प्लास्टिकचाच आहे.

> मग धातूचा सांधा बसवा. त्या तुकड्याची ध्रुवता (धन-ऋण) बदलणारा स्विच विसरू नका, नाहीतर शॉर्ट.

म्हणजे रविवारही गेला.