मदत हवी आहे: ऑक्टोपस चार दिवस काही खात नाही

खेतवाडी_४ (शुक्रवार, रात्री ९.१०)
नमस्कार. घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत ऑक्टोपस आहे. सोमवारपासून तोंडाला काही लावलेलं नाही. आधी चिंबोरीचं पिल्लू सोडलं की लगेच झडप घालायचा. आता कोलंबी समोर धरली तरी हात आखडून मडक्यात जातो. रंग पांढुरका पडलाय. पाणी स्वच्छ आहे, फिल्टर चालू आहे, सगळं नीट आहे. अनुभव असेल त्यांनी प्लीज आज रात्रीच सांगा. पाळायला हवा होता की नको, ते उद्या बोलू.

टाकीवाला_ठाणे (९.१८)
टाकी किती लिटरची? केव्हापासून चालू आहे? मीठ कुठलं? क्षारता, तापमान, अमोनिया, नायट्राइट? "सगळं नीट" यावरून काहीच कळत नाही, आकडे द्या.

खेतवाडी_४ (९.२६)
२०० लिटर. मत्स्यालयाचं मीठ आरओच्या पाण्यात कालवतो. हायड्रोमीटर १.०२४ दाखवतो, पाणी २९ अंश. अमोनिया आणि नायट्राइट आत्ताच तपासलं, दोन्ही शून्य. माहीमच्या ओळखीच्या कोळीदादांच्या जाळ्यात आला होता, आणून १२ दिवस झाले. धड मोसंबीएवढं.

गारवा (९.३१)
२९! उत्तर तिथेच आहे. उद्या सकाळी चिलर आणा आणि पाणी १८ वर न्या. मी माझ्या टाकीला चिलर लावल्यापासून एक मासा गेलेला नाही. मुंबईत चिलरशिवाय खाऱ्या पाण्याची टाकी ठेवूच नये.

टाकीवाला_ठाणे (९.३५)
१८ अजिबात नको. ते थंड समुद्रातल्या जातींचं तापमान. माहीमचा समुद्र ऐन थंडीतही १८ वर येत नाही. एकदम ११ अंश उतरवलेत तर उद्या सकाळपर्यंत तो राहणार नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो एवढं मात्र खरं. म्हणून वरचं पाणी खळखळत ठेवा आणि दोनेक अंश सावकाश उतरवा.

गारवा (९.३८)
मी माझा अनुभव सांगितला. दहा वर्षं टाकी आहे माझी.

टाकीवाला_ठाणे (९.४०)
माशांची ना? ऑक्टोपस ठेवला आहे का कधी?

मालवणची_माई (९.४४)
आमच्याकडे याला माकुल म्हणतात. साफ करताना शाईची पिशवी फुटू देऊ नका, नाहीतर सगळं काळं होतं. सुकं करायचं तर आच मोठी ठेवून झटपट परता, जास्त शिजलं की चामड्यासारखं होतं. कोकम शेवटी.

खेतवाडी_४ (९.४६)
माई, हा पाळलेला आहे हो.

दादरकर (९.५०)
माकुल म्हणजे स्क्विड. त्याला आठ हात आणि वर दोन लांब सोंडा असतात. ऑक्टोपसला फक्त आठ हात.

मालवणची_माई (९.५३)
आमच्या वाडीत दोघांनाही माकुलच म्हणतात. तुमच्या दादरच्या बाजारात काय म्हणतात ते तुम्ही म्हणा. आणि भाऊ, जीव वाचो तुमच्या प्राण्याचा.

अनु_पार्ले (१०.०२)
ती मादी असणार. अंडी घातली की मादी खाणंच सोडते. अंड्यांवर पाणी सोडत, त्यांना जपत बसते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत संपते. निसर्गक्रम आहे, त्यात काही करता येत नाही. मडक्याच्या आत वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्यांच्या माळांसारखं काही लोंबतंय का बघा.

खेतवाडी_४ (१०.१५)
टॉर्च मारून सगळं मडकं पाहिलं. काही नाही.

टाकीवाला_ठाणे (१०.१८)
मादीच आहे कशावरून? पुढच्या बाजूने मोजत उजवीकडचा तिसरा हात बघा. नरात त्या हाताच्या टोकाला चोषक नसतात.

खेतवाडी_४ (१०.४१)
वीस मिनिटं काचेला नाक लावून बसलो. शेवटी काचेवर चढला तेव्हा दिसलं. बाकीच्या हातांवर चोषकांच्या दोन रांगा बारीक होत होत थेट टोकापर्यंत जातात. त्या एका हातावर आधीच थांबतात आणि पुढे उलट्या चमच्यासारखा गुळगुळीत भाग आहे. म्हणजे नर. आता पुढे काय?

समुद्रप्रेमी (१०.४५)
टाकीतले दगड कुठले आहेत? प्रवाळाचे असतील तर जपून. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बाळगणं गुन्हा आहे.

खेतवाडी_४ (१०.४७)
साधे दगड आहेत हो, दुकानातले. आणि मी हे विचारलेलंच नाही.

वर्सोवा_७ (१०.५८)
मी मत्स्यविज्ञान शिकले आहे. ऑक्टोपस यायच्या आधी टाकीत काय होतं?

खेतवाडी_४ (११.००)
त्याचा काय संबंध? क्लाउन मासे होते. पावसाळ्यात अंगावर पांढरे ठिपके आले, दुकानदाराने निळं औषध दिलं, तरी गेले. नंतर पाणी पूर्ण बदललं. सहा महिने होऊन गेले त्याला.

वर्सोवा_७ (११.०३)
बाटली आहे का अजून? निळी औषधं दोन-तीन प्रकारची असतात. वर काय लिहिलंय ते वाचून सांगा.

खेतवाडी_४ (११.०९)
सिंकखाली सापडली. कॉपर सल्फेट.

वर्सोवा_७ (११.२१)
मग मला त्याचाच संशय आहे. पाणी बदललं तरी तांबं पूर्ण जात नाही. दगडांत आणि स्पंजात मुरतं आणि हळूहळू पुन्हा पाण्यात सुटतं. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं ते तांब्यामुळेच, म्हणून तांब्याने त्याला काय होणार असं वाटतं. पण रक्तातलं तांबं हिमोसायनिन या प्रथिनात बांधलेलं असतं. पाण्यातलं मोकळं तांबं विष आहे. मासा जेवढं सोसतो तेवढ्यात हे प्राणी मरतात.

आज रात्रीच त्याला त्या पाण्यातून काढा. प्लास्टिकची मोठी बादली घ्या, कधी साबण न लागलेली. नवं मीठ कालवा आणि दोन-तीन तास एअर पंप चालवा. क्षारता आणि तापमान टाकीइतकंच ठेवा. जुना दगड, स्पंज किंवा मडकं, काहीही त्यात टाकू नका. फिल्टर नसल्यामुळे अमोनिया साठेल, म्हणून रोज अर्धं पाणी बदलावं लागेल. शाई सोडली तर लगेच सगळं बदला. झाकण घट्ट हवं. याच्या अंगात कठीण भाग चोच एवढाच. चोच गेली की बाकीचा सगळा जातो.

दादरकर (११.३०)
झाकणाचं खरंच मनावर घ्या. न्यूझीलंडमधल्या नेपिअरच्या मत्स्यालयातून २०१६ मध्ये इंकी नावाचा ऑक्टोपस सांडपाण्याच्या नळातून थेट समुद्रात गेला होता. लहानपणी बाबा आम्हाला तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, तिथे तासन् तास...

खेतवाडी_४ (११.३२)
दादरकर, नंतर. पाणी कालवतोय.

खेतवाडी_४ (शनिवार, दुपारी १२.५०)
रात्री अडीचला बादलीत हलवला. झाकणावर आईचा वरवंटा ठेवला होता. चारला बघतो तर झाकण बोटभर उचललेलं आणि एक हात बाहेर, भिंत चाचपत होता. दुसऱ्या बाजूला पाटा ठेवला. सकाळी क्रॉफर्ड मार्केटमधून तांब्याची टेस्ट किट आणली. जुन्या टाकीच्या पाण्यात तांबं निघालं. बादलीतलं पाणी कोरं.

कोलंबी अजून घेतलेली नाही. पण आता तासाभरापूर्वी मी हात पाण्यात ठेवला तेव्हा दोन हात मनगटाभोवती गुंडाळले आणि सगळं अंग एकदम तपकिरी झालं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा मूळ रंग दिसला. वर्सोवाताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. स्पंज, दगड उकळून घेतले तर चालेल?

वर्सोवा_७ (१.०५)
उकळून तांबं जात नाही. दोन्ही टाकून द्या. आणि एक विनंती. त्याने खायला सुरुवात केली आणि अंगावर जखम नसेल तर कोळीदादांना सांगून ओहोटीला माहीमच्याच खडकांत सोडा. नव्या टाकीत जिवाणू बसून पाणी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या लहान जातींचं सगळं आयुष्यच साधारण वर्षभराचं. तेवढे दिवस बादलीत नका घालवू त्याचे.

टाकीवाला_ठाणे (१.१२)
मला हे पटत नाही. टाकीतला प्राणी समुद्रात सोडू नये, रोग पसरतात.

वर्सोवा_७ (१.१६)
परदेशी मासा असता तर मीच नको म्हटलं असतं. हा तिथलाच आहे आणि बाहेर येऊन दोन आठवडेही झालेले नाहीत. टाकीतले मासे सहा महिन्यांपूर्वीच गेले, त्यामुळे त्याला लागेल असं काही उरलेलं दिसत नाही. जखम नसेल तरच म्हटलंय.

खेतवाडी_४ (रविवार, सकाळी ७.३५)
पहाटे चिंबोरी घेतली. छोटीच होती, पण कवच साफ करून बाहेर टाकलं. कोळीदादांना फोन केला, ओहोटीची वेळ ते कळवणार आहेत.

नवी_मुंबईकर (८.०२)
माझ्या टाकीत मागच्या महिन्यात हेच औषध घातलं होतं. त्यात शंखातला खेकडा आहे, दोन दिवस शंखाबाहेरच येत नाही. काय करू?

वर्सोवा_७ (८.०४)
आत्ता बाहेर काढा. बादली, नवं पाणी. वर सगळं लिहिलंय.