कुडाळहून मुंबई: मुलांसह कोणत्या गाडीने जावे?

प्रश्न: आमची सहा आणि नऊ वर्षांची मुले प्रथमच मुंबई पाहणार आहेत. दिवसाची मांडवी घ्यावी की रात्रीची कोकणकन्या, आणि धाकट्याचे तिकीट काढावे लागेल का?

उत्तर: कोकणकन्याच घ्यावी. मांडवीतून करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मुलांना अनुभवता येईल खरा, परंतु ती रात्री पोहोचते आणि पेंगुळलेली मुले व सामान सांभाळत टॅक्सी शोधणे जिवावर येते. कोकणकन्येने गेल्यास पुढचा अख्खा दिवस हाताशी राहतो. पाच वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारांच्या आतील मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे पडते, आपल्याच बर्थवर निजवणार असाल तर निम्मे.

दुसरे उत्तर: राणीची बाग पाहायची असल्यास बुधवार टाळा, त्या दिवशी ती बंद असते. सकाळी सीएसएमटीहून भायखळ्याकडे जाणारी लोकल गर्दीच्या उलट दिशेची असल्याने मुलांना खिडकीही मिळू शकते. फोन नंबरची चिठ्ठी मात्र दोघांच्याही खिशात हवीच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. धाकटा झोपेत लाथा मारतो, तेव्हा पूर्ण तिकीटच काढतो.