पोलिसांत जा ना, फादर!

रिकामटेकडा: काल एक स्वतंत्र निर्मितीचा थ्रिलर पाहिला. कन्फेशनमध्ये फादरच्या कानावर बड्या लोकांचं कारस्थान पडतं, मग तेच त्याच्या जिवावर उठतात. आणि हा बाबा दीड तास गप्प! अरे, पोलिसांत जा ना! एवढं भगदाड पटकथेत?

मारिया_ताई: 'हा बाबा' नाही, फादर. आणि भगदाड कसलं? सिनेमा उभाच त्यावर आहे. चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन ९८३: कन्फेशनमधलं गुपित कुठल्याही कारणासाठी फोडायचं नाही, स्वतःचा जीव गेला तरी. फोडलं की चर्चमधून आपोआप बहिष्कार. हिचकॉकने १९५३ मध्ये 'आय कन्फेस' केला, त्यातही फादर असाच गप्प, तेव्हाही कॅथलिक नसलेल्यांना हे पटलं नव्हतं. तुम्ही काही नवीन बोलत नाही आहात.

सतराव्या वर्षी मी घरातले पैसे चोरल्याचं कन्फेशनमध्ये सांगितलं. तेच फादर त्या रविवारी आमच्याकडे जेवायला. आई समोरच तक्रार करतेय, पैसे कुठे गेले कळत नाही. फादरांनी ताटावरून मान वर केली नाही.

खडूस: गुपित राखा हो. पण कडी लावायला कोणी अडवलंय? फादर रात्री एकटाच मेणबत्त्या विझवतोय आणि मागचं दार सताड उघडं!

मारिया_ताई: ९८४ पण वाचा. कळलेली गोष्ट सांगणाऱ्याला बाधेल अशी वापरायची नाही.

खडूस: कडीने कोणाला काय बाधतं?

मारिया_ताई: रोज उघडं असणारं दार आजच बंद? कटवाल्यांना लगेच कळेल की आपल्यातलाच कोणीतरी बोललाय. मुडदा त्याचा पडेल.

खडूस: बरं, हे जमलं. दिग्दर्शकापेक्षा तुम्हीच जास्त विचार केलाय.

बूमवाला: दार उघडं का, मी सांगतो. अशा दोन सिनेमांत मी माइक धरलाय. दिवे भाड्याचे, मोजके. बाहेरचा एकच दिवा दारातून आत. एकदा दार लावलं तर हिरोच दिसेना. आणि चर्चमध्ये आवाज किती घुमतो! पण साउंडवाल्याला विचारतो कोण?

रिकामटेकडा: कडी-कोयंडा पुरे. एका धर्मगुरूसाठी एवढं कारस्थान करतं कोण?

जुनाखोंड: पोलंड, १९ ऑक्टोबर १९८४. सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेच्या बाजूचे फादर येझी पोपियेवुश्को. रात्री गाडी अडवली, एक जण वाहतूक पोलिसाच्या गणवेशात. ड्रायव्हर धावत्या गाडीतून उडी मारून वाचला. फादरांचं प्रेत ११ दिवसांनी धरणाच्या पाण्यात. मारेकरी गुप्त पोलीस. जा म्हणावं पोलिसांत!

रिकामटेकडा: ठीक आहे, 'भगदाड' मागे. तारे दोनच देणार. दार उघडंच होतं.