शब्द हवा: 'डीएनए पॅकेजिंग' आणि 'टर्मिनेज'

रानजाई: विषाणूंच्या रचनेवर लेख लिहितेय. कॅप्सिडला 'प्रथिनकवच' आहेच. अडलंय पुढे. आधी रिकामं कवच तयार होतं, मग त्याच्या एकाच टोकाच्या भोकातून डीएनए आत ओढला जातो. याला 'वेष्टन' म्हटलं तर चित्र उलटं होतं, डीएनएवर काही गुंडाळलं जात नाही. आणि या कामातल्या टर्मिनेज या विकराला (एन्झाइमला) 'अंत्यविकर' चालेल का?

खलबत्ता: 'ठासणे' घ्या की सरळ! फाय-२९ या जीवाणुभक्षी विषाणूचा डीएनए साडेसहा मायक्रोमीटरच्या आसपास लांब, आणि कवच जेमतेम ५४ नॅनोमीटरचं. २००१ साली लेझरच्या चिमट्यात एकेक डीएनए धरून मोजलं गेलं, तेव्हा सरासरी ५७ पिकोन्यूटनपर्यंतच्या विरोधाला न जुमानता भरणी चालू होती. 'भरणे' फार मवाळ वाटतं.

बापू_दापोली: ठासणे म्हटलं की मला ठासणीची बंदूक दिसते. शास्त्रीय लेखात बरं दिसेल का ते?

खलबत्ता: बापू, उलट फारच बरं! त्या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ठासायची आणि बार निघायचा तोही तिथूनच. या विषाणूंचंही तेच. ज्या दारातून डीएनए आत गेला, त्याच दारातून तो पुढे जीवाणूत सोडला जातो. फक्त मधल्या वेळात दाराला शेपूट जोडलेलं असतं.

मृदगंध: ताई, 'अंत्यविकर' मला पटत नाही. टी-४ या जीवाणुभक्षी विषाणूचं टर्मिनेज, म्हणजे जीपी-१७ हे प्रथिन घ्या. एकाच प्रथिनाचे दोन भाग. एक एटीपी (पेशीतलं इंधन) फोडून डीएनए ढकलतो, दुसरा कात्रीचं काम करतो, म्हणजे कवच भरलं की डीएनए तोडतो. नावात फक्त कात्री आली, सगळी मेहनत करणारी मोटर राहिलीच. फाय-२९ मध्ये तर कात्रीच नाही! त्याचा डीएनए आधीच नेमक्या लांबीचा असतो, म्हणून तिथल्या जीपी-१६ ला नुसतं 'ठासणी-मोटर' म्हणावं.

रानजाई: हे लक्षात आलं नव्हतं. मग मूळ शब्दच ठेवू?

मृदगंध: ठेवाच. औषधांतही तो आलाय. अस्थिमज्जा रोपणानंतर सायटोमेगॅलो विषाणू डोकं वर काढतो, त्याला रोखणारं लेटरमोव्हिर याच टर्मिनेजवर घाव घालतं. अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आपल्या पेशींत हे विकर नसतंच, म्हणून नेम बरोबर बसतो. डॉक्टर 'टर्मिनेज'च म्हणणार, पेशंटने 'अंत्यविकर' कुठे शोधायचं?

बापू_दापोली: आणि त्या दाराला, पोर्टलला?

खलबत्ता: एकाच प्रथिनाच्या १२ प्रती गोलाकार जोडलेल्या, मधे भोक. मी 'द्वारकडं' म्हणेन. गंमत म्हणजे त्याला लागून बसणारी मोटर पाच प्रतींची. १२ आणि ५ चा मेळ बसत नाही, आणि काही अभ्यासकांच्या मते हा बेमेळच कामाचा आहे.

रानजाई: 'द्वारकडं' घेतलं. 'ठासणे'सुद्धा. संपादकांनी काट मारली तर बापूंना पुढे करेन.