ट्रॅक्टर महाग नाही म्हणे, शेतकरीच हौशी!

बांधावरचा_परभणी:
कालची ती पोस्ट वाचल्यापासून डोकं ठणकतंय. साहेबांचं म्हणणं असं की ट्रॅक्टर महाग झालेलाच नाही, शेतकरी हौशी झालाय. तीन एकरवाला दारात ट्रॅक्टर उभा करतो आणि मग हप्त्याच्या नावाने गळा काढतो, त्यापेक्षा भाड्याने करून घ्यावं. खाली वाहवा करणारेही भरपूर.

साहेब, जरा हिशोब घ्या. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलं होतं. त्या भावात 45 एचपीचा ट्रॅक्टर सत्तर-पंचाहत्तर क्विंटलात बसत होता. पुढे सोयाबीन चार-साडेचार हजारांवर आलं आणि ट्रॅक्टर आठ लाखांकडे गेला. म्हणजे पावणेदोनशे क्विंटलच्या वर. आता सांगा, हौस कुणाची आणि मौज कुणाची?

आकडेमोड:
ती पोस्ट मी लिहिलेली नाही, पण बाजू मी त्याचीच घेणार. ऑगस्ट 2021 चा भाव धरणं ही लबाडी आहे. तेव्हा सोयाबीन शिल्लक होतं कुणाकडे? गोदामवाल्याकडे. हमीभाव धरा ना. 2014 ला 2560, 2025-26 ला 5328. तेव्हा साडेपाच लाखांचा ट्रॅक्टर म्हणजे दोनशे पंधरा क्विंटल, आज आठ लाखांचा म्हणजे दीडशे. उलट स्वस्त झाला!
शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 वरून 5 टक्के. 45 एचपीच्या एका ट्रॅक्टरमागे 45 हजार वाचतात. टायर आणि पार्टवर तर 18 चे 5 झाले. महाराष्ट्रात सरासरी जमीन सव्वातीन एकर. तेवढ्या रानात तो ट्रॅक्टर वर्षात किती तास चालतो, हे कुणीच लिहीत नाही.

बांधावरचा_परभणी:
हमीभाव! ओलावा 12 टक्क्यांच्या वर दाखवतोय म्हणून माझी सोयाबीनची ट्रॉली खरेदी केंद्रावरून परत पाठवली. मग बाजारात विकली, कितीला ते विचारू नका. कागदावरच्या भावाने कागदावरचा ट्रॅक्टर येतो.
आणि ते 45 हजार. आमच्याकडचा डीलर आधी रोख घेणाऱ्याला सूट द्यायचा, वर रोटाव्हेटरमध्ये काहीतरी कमी करायचा. जीएसटी उतरला आणि दोन्ही बंद. बिलावर स्वस्त, खिशाला तेवढाच.
राहिलं भाडं. पेरणीचा वापसा, म्हणजे पेरता येईल अशी बेताची ओल, तीन-चार दिवस असते, भाऊ. त्या दिवसांत गावातले सगळे ट्रॅक्टर बागायतदारांच्या रानात. आपला नंबर लागेपर्यंत वरून पाऊस तरी पडतो नाहीतर ओल तरी उडते. पुण्यात बसून भाड्याचा सल्ला देणाऱ्याने एकदा मृगात ट्रॅक्टरवाल्याला फोन लावून बघावा.

आकडेमोड:
मी पुण्यात असलो तरी सातबारा जुन्नरचा आहे. वापशाचं खरं आहे, तेवढं सोडतो. बाकी काही सोडत नाही.

मेस्त्री_टेंभुर्णी:
नव्याचं तुम्ही बघा. जुन्यात काय चाललंय ते मी सांगतो. जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे नवे नियम आले. डिझेलचा जुना साधा पंप जाऊन सेन्सर आले, बिघाड लॅपटॉप जोडल्याशिवाय सापडत नाही. म्हणून आता जो तो त्याआधीचा मागतो. पाच-सहा वर्षं वापरलेला ट्रॅक्टर घेतला त्या किमतीला जातोय, हे मी पहिल्यांदाच बघतोय.
आणि लोक मीटर बघून पैसे मोजतात! मागच्या महिन्यात एक आला, मीटरवर अठराशे तास, रंग चकाचक. मी आधी क्लचच्या पेडलचं रबर बघितलं, घासून गुळगुळीत. मागे हुकाची पिन काढली तर भोक लंबगोल. असं भोक नांगराने होत नाही. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या की होतं. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढलं तर भकाभका धूर. घेणारा म्हणतो, अण्णा, टायर तर नवे आहेत की!

ऊसवाला_शिरोळ:
ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला नावं ठेवू नका. आमचे ट्रॅक्टर का विकले जातात ते पण लिहा. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, ऊसतोड मजुरांच्या टोळीसाठी मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली, हंगामाला मुकादम गायब. फोन बंद. ट्रॅक्टर दारात आणि फायनान्सवाले पण दारात. ट्रॅक्टरच्या किमतीपेक्षा उचलीत बुडालेले आमच्या तालुक्यात जास्त निघतील.

कोयता_केज:
आलं का गाडं बीडवर, आमच्या ऊसतोडवाल्यांवर! विषय काय, तुम्ही बोलताय काय. दोन माणसांचा एक कोयता, पोरं पाचटात झोपवून पहाटे चारला फडात. 2024 मध्ये तोडणीच्या मजुरीत 34 टक्के वाढ मिळाली तीही किती वर्षं भांडून. उचल अंगावर ठेवून बाया-माणसं सहा महिने अडकवता, तेव्हा कुणी धागा काढत नाही.

ऊसवाला_शिरोळ:
मजुराला कोण काय म्हणालं? मुकादमाचं बोलतोय. वाचता येतं ना?

कोयता_केज:
माझे वडील मुकादम होते. त्यांच्याकडून उचल घेऊन चार कोयते दुसऱ्या टोळीत गेले. ती रक्कम त्यांनी दोन एकर विकून फेडली, तुमच्याच भागातल्या वाहतूकदाराला. आता बोला.

ऊसवाला_शिरोळ:
फेडणारा तुमच्या वडिलांसारखा भेटला असता तर मी इथे आलोच नसतो. घ्या, हे पण चांगलंच बोललोय.

आकडेमोड:
सगळ्यावर उपाय हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारं मशीन. राज्याने 2023 ला 900 हार्वेस्टरना 35 लाखांपर्यंत अनुदान मंजूर केलं होतं.

ऊसवाला_शिरोळ:
मशीन कोटीच्या आसपास. उरलेले साठ-पासष्ट लाख तुम्ही देताय का? आमची पट्टी वीस गुंठ्यांची, मशीन वळवायलाच चार सऱ्या जातात. वर कारखाना पालापाचोळ्याची वजावट करतो ती वेगळी.

द्राक्षबाग_निफाड:
अनुदानावरून आठवलं. ट्रॅक्टरला जास्तीत जास्त सव्वा लाख मिळायचे, तेही अल्पभूधारक, महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीत बसलात तर. बाकीच्यांना एक लाख. किमती चढल्या, ही मर्यादा वर्षानुवर्षं तिथंच राहिली. त्यात पूर्ण पैसे आधी आपण भरायचे. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच मदत.
हौशीचं म्हणाल तर माझ्या भावाने मिनी ट्रॅक्टर घेतला तो बागेत फवारणीच्या ब्लोअरसाठी, पण पाहुणे मुलगी दाखवायला आले तेव्हा आधी शेडमध्ये डोकावले. तीन स्थळं त्याआधी परत गेली होती. हा खर्च कुठल्या रकान्यात टाकू, आकडेमोडसाहेब?

आकडेमोड:
भांडवली. घसारा धरून.

बांधावरचा_परभणी:
हसलो, पण तुमचं पटलं असं समजू नका.
मेस्त्री, एक विचारायचं होतं. हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून आणलेला 2019 चा एक ट्रॅक्टर लिलावात आहे, साडेचार लाख म्हणतायत. घेऊ का?

मेस्त्री_टेंभुर्णी:
आधी आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवून एनओसी (ना-हरकत पत्र) हातात देणार का ते विचारा. तोंडी हो म्हटलं तर उठून या. मग सकाळी इंजिन गार असताना जा. गरम करून ठेवलेलं असेल तर बघूही नका. आणि हुकाच्या भोकाचा फोटो मला टाका.

ऊसवाला_शिरोळ:
फोटो इथंच टाका. माझाच निघायचा.