जर्मनीहून आलेल्या कॉम्प्युटरवर कीर्तनाच्या डीव्हीडी लागत नाहीत

मिरजकरताई:
नमस्कार मंडळी. मुलगा जर्मनीतली नोकरी सोडून बेंगळुरूला आला, तेव्हा तिथला डेस्कटॉप त्याने मला देऊन टाकला. विंडोज ११ आहे, यंत्र दणकट आहे. माझे वडील नारदीय कीर्तन करत. त्यांची काही कीर्तनं एका स्नेह्यांनी कॅमेऱ्यावर घेऊन डीव्हीडीवर करून दिली होती. नात पेटी शिकते आहे. पूर्वरंगातल्या अभंगाला आजोबांचे साथीदार पेटी कशी धरत, ते तिला दाखवायचं आहे. जुन्या विंडोज ७ वर या डिस्क छान चालायच्या. इथे डिस्क फिरते, आतलं व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डरही दिसतं, पण लागत काहीच नाही. मीडिया प्लेअर सापडत नाही, आवाज रेकॉर्ड करायचं ॲपही नाही.

शोधाशोध करताना एका साइटवर ‘कोडेक पॅक (व्हिडिओ-आवाज उलगडणारं सॉफ्टवेअर) उतरवा आणि नोंदणी करा’ असं आलं. फोन, ईमेल आणि कार्डाचा नंबर मागतात, म्हणून तिथेच थांबले. ही नोंदणी खरंच लागते का? आमचा दुरुस्तीवाला म्हणतो, सगळं फॉरमॅट करून साधं विंडोज टाकू. ते मला नको आहे.

बिनतारी:
ताई, कार्डाचा नंबर कुठेही देऊ नका. व्हीएलसी हा फुकट प्लेअर टाका, विषय संपला.

कोलोनवासी:
ताई, सेटिंग्ज → सिस्टिम → अबाउट उघडून एडिशनपुढे काय लिहिलंय ते बघा. शेवटी ‘एन’ असेल तर दुखणं सापडलं. २००४ मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेलं विंडोजही विकायला लावलं. तीच ही एन आवृत्ती. प्लेअरच नाही, तर त्याच्यावर अवलंबून असलेले बरेच भागही तिच्यात नसतात.

ते भाग फुकट परत घेता येतात. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘ऑप्शनल फीचर्स’ लिहा, ‘व्ह्यू फीचर्स’ दाबा, यादीतून ‘मीडिया फीचर पॅक’ निवडा आणि बसवून झालं की कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. नोंदणी नाही, पैसे नाहीत. हा पॅक फक्त सेटिंग्जमधूनच घ्या, भलत्या साइटवरून नको.

फॉरमॅटला नाही म्हणालात ते योग्यच केलंत. एन आवृत्तीची ‘प्रॉडक्ट की’ (लायसन्सचा क्रमांक) साध्या विंडोजला चालत नाही, त्यासाठी नवं लायसन्स विकत घ्यावं लागतं.

मिरजकरताई:
‘विंडोज ११ प्रो एन’ असंच लिहिलंय! पॅक बसवला. आता मीडिया प्लेअर आला, रेकॉर्डरही चालतो. डीव्हीडी मात्र अजून लागत नाही.

कोलोनवासी:
ती गोष्ट वेगळी आहे. डीव्हीडीवरचं चित्र एमपीईजी-२ पद्धतीचं असतं. ते उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक कॉम्प्युटरमागे पेटंटधारकांना पैसे द्यावे लागत. विंडोज ७ च्या बहुतेक आवृत्त्यांत ती सोय होती, २०१२ च्या विंडोज ८ पासून काढली. एन असो वा नसो, डीव्हीडीसाठी वेगळा प्लेअर लागतोच. इथे बिनतारींचं बरोबर आहे. व्हीएलसी चित्र उलगडणारे स्वतःचे डीकोडर सोबत घेऊन येतो. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो उभा राहिला, आजही फुकट आहे आणि नोंदणी मागत नाही. videolan.org असा पत्ता स्वतः टाइप करून तिथूनच उतरवा. मग ‘मीडिया’ मेनूत ‘ओपन डिस्क’. डिस्कच्या मेनूपाशी अडकलं तर ‘नो डिस्क मेनूज’वर खूण करा.

बिनतारी:
आणि ताई, लागली की नुसतं बघत बसू नका, आधी प्रत काढा! घरी बर्न केलेल्या डिस्कवर रंगाचा थर असतो, तो वर्षांगणिक खराब होतो. ते व्हिडिओ_टीएस फोल्डर आहे तसं उचलून हार्ड डिस्कवर ठेवा. साध्या डिस्कला फार तर ४.७ जीबी जागा लागेल. एक प्रत मुलाकडेही पाठवा.

मिरजकरताई:
लागली! सुदामचरित्राचं आख्यान आहे. वडिलांचा आवाज मध्यलयीत जसा खुलायचा तसाच ऐकू आला, आणि पेटीवाल्यांची बोटंही स्पष्ट दिसतात. नातीने तो अभंग तिथल्या तिथे तीनदा मागे नेऊन ऐकला. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

एका डिस्कवर ओरखडे आहेत, ती कॉपी होताना मध्येच थांबते. बाकीच्यांच्या प्रती आज रात्रीच काढते. या एकीसाठी काही उपाय?

बिनतारी:
मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. तरीही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसरा पुष्कळदा वाचतो. आणि फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली (चित्र आणि आवाज त्यांतच असतो) एकेक करून उचला, म्हणजे एक अडली तरी बाकीचं कीर्तन हाती लागेल.