स्वतःचा हरलेला बुद्धिबळाचा डाव लिहून काढणं म्हणजे टाइमपास?

अडीचघर:
परवा इथे कोणीतरी लिहिलं, "हौशी लोकांनी आपल्या डावाचं चालीगणिक विश्लेषण लिहू नये, इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) दोन सेकंदात सांगतं, बाकी सगळं रडगाणं." तेव्हा गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

माझाच डाव घ्या. मी काळा, समोरचा पांढरा (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर). ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, प्याद्याने डी५ मारलं, मी घोड्याने परत मारलं. त्याने घोडा एफ७ वर फेकला, मी राजाने खाल्ला, वजीर एफ३ शह. आणि मी राजा जी८ ला नेला. उंटाने डी५ वरचा घोडा मारून शह, मी वजिराने उंट मारला, त्याच्या वजिराने माझा वजीर, परत शह, मी ई६ ला उंट आडवा घातला, तो खाऊन मात. १० चालींत खेळ खलास.

इंजिनने राजाच्या चालीपुढे दोन लाल प्रश्नचिन्हं टाकली. बरं, मग? मी वहीत लिहिलं होतं, "जी८, कारण घरी गेल्यासारखं वाटलं." जुनी पानं उलटली तर आणखी चार डावांत हेच, शह बसला की राजा मागे, पुढचा शह कुठून येतो ते न बघता. ही खोड कुठलं इंजिन दाखवणार? जगज्जेता बोटविनिक सुद्धा सांगायचा, आपल्या डावांचं विश्लेषण करा आणि छापा, म्हणजे लोक चुका काढतील.

बार_वर_बार:
तो "कोणीतरी" मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. बोटविनिकच काढलात म्हणून सांगतो, तो स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता आणि बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर कित्येक वर्षं घालवली त्याने. तुमचा साक्षीदार आमच्या बाजूचा निघाला.

आणि मुद्दा असा की तुम्ही राजावर निबंध लिहिलात, पण चूक झाली ५व्या चालीला! घोड्याने डी५ मारायचंच नसतं, घोडा ए५ ला नेऊन बिशपला हाकलायचं. इंजिन लावलं असतंत तर तिथेच बार, म्हणजे कोण वरचढ ते दाखवणारी पट्टी, उडी मारताना दिसला असता. चुकीच्या चालीवर तीन पानं.

उंटावरचा_शहाणा:
मराठीत लिहिताय ना, मग बिशप कुठून आला? उंट म्हणायला लाज वाटते का? आमच्या घरी कोणी बिशप म्हटलं की आजोबा पट उचलून ठेवायचे.

अडीचघर:
@बार_वर_बार ५वी चाल मान्य. पण ती मी *का* खेळलो? प्यादं फुकट दिसलं म्हणून. हे मलाच माहीत, बारला नाही.

प्यादं_७०१:
उंटभक्तांनो, उंट मुळात आपला नाहीच. चतुरंग, म्हणजे बुद्धिबळाचं जुनं भारतीय रूप, त्यात हत्ती, घोडे, रथ, पायदळ, यात उंट दाखवा. तिरका जाणारा तो हत्ती होता, अरबीत अल्-फील, त्याचं स्पॅनिशमध्ये आल्फिल झालं, रशियनमध्ये आजही त्याला स्लोन म्हणजे हत्तीच म्हणतात. कोपऱ्यात रथ होता. आपण हत्ती कोपऱ्यात ढकलला आणि त्याच्या जागी उंट आणून बसवला.

उंटावरचा_शहाणा:
मग काय, उद्यापासून कोपऱ्यातल्याला रथ म्हणू? बंगालीत त्याला नौका म्हणतात, ते पण चूक का? भाषा चालते तशी चालते. ज्ञान पाजळायची हौस दांडगी तुमची.

प्यादं_७०१:
"भाषा चालते तशी चालते" हे तुम्ही म्हणताय? मग बिशप पण चालू दे की!! वरच्या प्रतिसादात त्या माणसाच्या अंगावर कशाला धावून गेलात?

उंटावरचा_शहाणा:
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. आजोबांच्या देशी नियमांत कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नव्हतं, प्यादं एकच घर चालायचं आणि राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी मिळायची. तो खेळ गेला, शब्द तरी राहू द्या, एवढंच म्हणणं होतं.

झुगझ्वांग_काकू:
उडी असती तरी धागाकर्त्याला उपयोग नव्हता, शह आधीच बसला होता. 😀 आता मूळ विषयावर याल का दोघं?

धागाकर्त्या, राजा ई६ ला का नाही नेलास? वहीत काय लिहिलंयस?

अडीचघर:
लिहिलंय, "ई६ ला राजा उघड्यावर, लगेच हरतो." बाकी खोलात गेलो नाही.

बार_वर_बार:
हा हा हा. राजा ई६ ला गेला तर तो डी५ वरच्या तुमच्या घोड्याला आधार देतो. पांढरा सी३ ला घोडा आणून दाब वाढवतो, वरचढ असतो, पण डाव चालू राहतो. म्हणजे लगेच मात होणारी चाल सुरक्षित आणि तग धरणारी चाल "लगेच हरतो". किती दिवस जपलंत हे वहीत?

अडीचघर:
दोन वर्षं. हसा.

ठीक आहे, आधी स्वतः लिहायचं आणि *नंतर* इंजिन लावायचं, एवढं कबूल. आधी लावलं तर मी विचार करतच नाही, नुसता मान डोलावतो आणि पुढच्या डावात तेच करतो. तुमचं रेटिंग किती वाढलं बार बघून, ते पण सांगा जरा.

बार_वर_बार:
वैयक्तिक होऊ नका. (वाढलं नाही. कामाचा ताण आहे.)

झुगझ्वांग_काकू:
ताण सगळ्यांनाच असतो हो. मी हरले की दोन दिवस डाव उघडत नाही, राग जातो तोवर. मग लिहिते. तेव्हा कळतं की बरेचदा घड्याळाकडे बघून खेळलेली चाल होती, पटाकडे बघून नाही.

बार_वर_बार:
काल रात्री हरलो. कोणाला सांगू नका, पण इंजिन बंद ठेवून लिहायला बसलो. ११व्या चालीपर्यंत आलो आणि झोप लागली. ९व्या चालीला वजीर का हलवला ते मात्र खरंच आठवेना, काही कारणच नव्हतं बहुतेक. हा एक मुद्दा तुमचा, बाकीचे माझे.

उंटावरचा_शहाणा:
वजीर म्हणालात, क्वीन नाही. नोंद घेतली आहे.